आबांच्या पोटावर टाके नव्हते

आमच्याकडे माणूस ऑपरेशन करून घरी आला की बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न 'बरं वाटतंय का' हा नसतो. 'टाकं किती पडलं?' हा असतो. मग आजाऱ्याने सदरा वर करायचा, पाहुण्याने मान वाकडी करून टाके बघायचे, 'लई मोटं काम झालंय की' म्हणायचं आणि लगेच आपल्या मेव्हण्याचं ऑपरेशन याहून कसं मोठं होतं ते सांगायला बसायचं. यात वाईट काही नाही. टाके दिसले की सगळ्यांनाच धीर येतो. माझ्या वडिलांच्या, आबांच्या अंगावर मात्र कॅन्सरचं ऑपरेशन होऊनसुद्धा एक टाका दिसत नव्हता. होते ते आत होते, आणि डॉक्टर ज्या वाटेने आत गेल्या ती वाट काही पाहुण्यांना दाखवायची नसते. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आबा मेंढपाळ. आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन बाहेर पडतात, खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मी त्यांची एकुलती एक. लग्नानंतर कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत राहायला आले आणि चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला लागले. दिव्याखाली टॉवेल ताणून धरायचा, दोष दिसला की बाजूला टाकायचा. दिवसभर नापास करत बसायचं हे माझं काम. घरचे म्हणतात, काम नव्हे, तो तुझा स्वभावच आहे.

आबांना शौचावाटे रक्त पडत होतं. त्यांनी ते मूळव्याध समजून अंगावर काढलं. गावातल्या एकाकडून कसलीशी पूड आणून खाल्ली आणि कुणाला सांगितलं नाही. आईने धोतर धुताना पाहिलं, तिने मला फोन केला आणि मी त्यांना ओढतच सोलापूरला आणलं. मी रस्ताभर भांडत होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते, जणू भांडण दुसऱ्याच कुणाशी चाललंय.

सर्जन बाई निघाल्या, माझ्याच वयाच्या. त्या तपासायचं म्हणाल्या तर आबा उठून दारापर्यंत गेले. "बाईमानसापुडं न्हाय," म्हणाले. डॉक्टर शांतपणे हातमोजे घालत होत्या. "आबा, मेंढी अडली तर तुम्ही हात घालताच की. तेव्हा ती लाजते का?" आबा थांबले, थोडं हसले आणि येऊन कुशीवर झोपले. त्या दिवसापासून त्यांनी त्या बाईंचं ऐकलं. माझं कधी एवढ्या लवकर ऐकलं नव्हतं.

दुर्बिणीत गाठ दिसली. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, बोराएवढी. तुकडा तपासून आला, कॅन्सरच होता. मग ती गाठ भिंतीत किती खोल गेली आहे हे बघायला एमआरआय झाला, आतून सोनोग्राफी झाली. गाठ वरवरची वाटत होती, लवकर सापडली होती. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून कागदावर आतडं काढलं आणि दोन वाटा सांगितल्या.

पहिली वाट मोठी. पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीने आतड्याचा तो सगळा भाग आणि त्याच्या भोवतीच्या बारीक ग्रंथी काढून टाकायच्या. आतला जोड भरेपर्यंत पोटावर शौचाची पिशवी. ती पुढे बहुतेक काढता येते, पण गाठ फार खाली असल्याने कायमची राहिली तर नवल नाही. पिशवी निघाली तरी पुष्कळांना दिवसातून अनेकदा, घाईघाईने जावं लागतं. दुसरी वाट लहान. पोटाला हातच लावायचा नाही. खालूनच कॅमेरा आणि हत्यारं घालायची, गाठ आणि तिच्याभोवतीचा चांगला काठ भिंतीच्या पूर्ण जाडीसकट काढायचा, आतून टाके घालायचे. थोड्याच दिवसांत माणूस घरी. पण भोवतीच्या ग्रंथी तशाच राहतात. त्यांच्यात काही लपलेलं असेल तर ते आज कळणार नाही. "आजार परत येण्याची शक्यता पहिल्या वाटेपेक्षा थोडी जास्त," डॉक्टर म्हणाल्या. "हे मी लपवणार नाही. काढलेली गाठ तपासल्यावर खोल निघाली तर मोठं ऑपरेशन करावंच लागेल. आणि चांगली निघाली तरी काही वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी. चुकवायची नाही."

बाहेर भावकी बसली होती. माझे थोरले चुलते तात्या आणि त्यांची दोन मुलं. तात्यांनी ऐकलं न ऐकलं तोच निकाल दिला. "मोटंच करा. हराळी काडायची तर मुळासकट काडावी लागती." तात्या वाईट माणूस नाहीत. धाकट्या भावावर त्यांचा जीव आहे, आणि जीव असला की माणसाला मोठंच काहीतरी करावंसं वाटतं. लहान काम केलं म्हणजे हात आखडता घेतला, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मागोमाग बाहेर आलेल्या डॉक्टरांनी आबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. आबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ही म्हनंल तसं."

मी चिडले. "आबा, शरीर तुमचं हाय."

"तुजं कामच ते हाय की," ते म्हणाले. "चांगलं-वाईट बगायचं."

मी पुन्हा आत गेले, एकटी. मी काय काय विचारलं ते सगळं आठवत नाही. आबा दिवसभर मेंढरांमागे चालतात, उन्हात, पाणी नसलेल्या माळावर. पिशवी ते कुठे धुतील? घाईने जावं लागलं तर शंभर मेंढरं रस्त्यावर सोडून जातील का? आणि हे सगळं खरं असलं, तरी माणूस जिवंत राहणं त्याहून मोठं नाही का? आमच्या कारखान्यात टॉवेलच्या काठाला दोष असला तर तेवढाच कापून उरलेल्याचा नॅपकिन करतात, सगळा टॉवेल कुणी फेकत नाही. पण टॉवेल काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडत नाही. शेवटी सगळे विचारतात तेच मी विचारलं. "मॅडम, तुमचे वडील असते तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझे वडील तपासणीला न चुकता येणारे आहेत," म्हणाल्या. "तुमचे येतील का?"

म्हणजे लहान ऑपरेशन चांगलं की वाईट हे ऑपरेशनवर नव्हतंच. ते आबांच्या पुढच्या काही वर्षांच्या येण्या-जाण्यावर होतं. मेंढरामागे जाणारा माणूस, ज्याचा आज मुक्काम कुठे आणि उद्या कुठे हे त्यालाच माहीत नसतं, तो दर तीन महिन्यांनी सोलापुरात हजर राहील, ही हमी मी द्यायची होती.

"येतील," मी म्हणाले. "मी आणीन."

बाहेर येऊन सांगितलं. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या काय वंगाळ झालं तर बापाच्या जिवाची जोखीम तुज्या डोक्यावर," म्हणाले. मी 'असू द्या' म्हणाले. आबा तिथेच होते. ते काही बोलले नाहीत, आणि मलाही तेव्हा त्यांनी बोलायला हवं होतं असं वाटलं नाही.

ऑपरेशन सुरळीत झालं. काढलेली गाठ वरवरचीच निघाली, काठ स्वच्छ होते. डॉक्टर माझ्याशी बोलताना पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मी आबांना कुंभारीला घरी आणलं, आणि पाहुणे सुरू झाले. डाळिंबं, बिस्किटाचे पुडे, नारळ. "टाकं किती पडलं?" आबा सदरा वर करायचे. पोट कोरं. पाहुणा वाकून बघायचा, मग दुसऱ्या कुशीकडून बघायचा. "मागनं हाय का?" आबांनी पहिल्या दिवशी मजेत सांगितलं, "आत हायती. बगायचं तर दुरबीन आना." पाहुणे हसले, पण पटलं कुणाला नाही. हळूहळू बोलणी कानावर यायला लागली. नुसतं बघून सोडून दिलं म्हणे. कॅन्सर नव्हताच म्हणे, मूळव्याधच होती. पोरीला शहरातल्या डॉक्टरनी गुंडाळलं. तात्यांच्या थोरल्या मुलाने तर सरळ मला विचारलं, "ताई, खरंच काय केलं का तितं?" मी त्याला चहासुद्धा न देता घालवला.

आबा गावी गेले. दिवाळीनंतर आई आणि ते नेहमीसारखे मेंढरं घेऊन बार्शीकडे निघाले. तपासणीची वेळ आली तेव्हा मी फोन केला. "येतो की," म्हणाले. आले नाहीत. पुन्हा केला, तर मेंढरं दमलीत म्हणाले. त्यानंतर शेतकरी सोडत नाही म्हणाले. त्यांची सगळी कारणं खरी वाटावीत अशीच असायची. मग फोन लागेना. दवाखान्यातून मला विचारणा झाली आणि मला त्या बाईंच्या खोलीत बसून दिलेला शब्द आठवला. कामावर रजा टाकली, बार्शीची एसटी धरली, तिथून आतल्या गावाची धरली, आणि विचारत विचारत शेतापर्यंत पोहोचले.

तूर काढलेलं रान होतं. आबा मेंढरांना जंताचं औषध पाजत होते. दोन गुडघ्यांत मेंढी धरायची, तोंड वर करायचं, औषध सोडायचं आणि पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढून सोडून द्यायची. पट्टा नसला तर त्या गर्दीत कुणाला पाजलं, कुणाला नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मला बघून त्यांनी मान हलवली आणि हातातली मेंढी सोडली नाही.

"तपासाला का आला न्हाय?" मी विचारलं. बाकी काही विचारण्याइतका दम माझ्यात नव्हता.

"कशाचा तपास?" त्यांनी पट्टा ओढला. "हिला पाजलं, हिला रंग. रंग न्हाय तिला पाजलं न्हाय. माज्या अंगावर काय हाय? समदी म्हनत्यात काय केलंच न्हाय. मग तपासायचं काय?"

"तुमी मेंढरू हाय व्हय?" मी ओरडले. "मी रिपोर्ट वाचलाय. रगत थांबलंय का न्हाय तुमचं?"

"थांबलंय."

"मग?"

त्यांनी पुढची मेंढी धरली. मला इतका संताप आला की हातातली पिशवी तिथेच टाकून मी आईकडे चालू लागले. ती तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. मी तिच्याशेजारी धप्पकन बसले आणि आबांना काय काय म्हणायचं ते सगळं म्हटलं. आईने भाकरी उलटली, फुगेपर्यंत बघत राहिली, आणि मग म्हणाली, "त्यास्नी समदं ठावं हाय. रंगाबिंगाचं सांगाय काडलंय नुसतं."

"मग का येत न्हाय?"

"तात्या काय बोललं व्हतं तवा? त्येच धरून बसल्यात. म्हनत्यात, तपासात वंगाळ निगालं तर तात्या आन समदी भावकी पोरीला जगू द्यायची न्हाय. जन्मभर बापाला मारलं म्हनतील. त्यापरीस कळलंच न्हाय तर बरं. आसंच गेलो तर म्हातारा व्हता, गेला, म्हनतील."

मला पहिल्यांदा रागच आला, आधीपेक्षा जास्त. माझ्यावर बोल येऊ नये म्हणून हा माणूस मरायला तयार होता आणि मला ते सांगतसुद्धा नव्हता. मग राग ओसरला आणि रडू आलं, ते धुराचं आहे असं दाखवायचीही मला गरज वाटली नाही. आईने माझ्या पुढ्यात गरम भाकरी ठेवली आणि ती खाल्ल्याशिवाय तिकडे जाऊ नको म्हणाली.

जेवून परत गेले. थोडीच मेंढरं उरली होती. मी औषधाची बाटली हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "आबा, तुमी तपासाला न येता काय झालं, तर तात्या मला सोडतील व्हय?" ते पुढची मेंढी धरायला वाकले. "आन तात्या सोडतील एकवेळ. मी मला सोडनार न्हाय. डॉक्टर मॅडमला मी शब्द दिलाय. तुमी यायचं ठरलं म्हनून ती वाट धरली. तुमी आला न्हाय तर मग तात्याच बरोबर व्हते."

शेवटचं वाक्य त्यांना लागलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग उरलेल्या मेंढरांना औषध पाजलं, मी रंग लावला. हात धुताना म्हणाले, "सकाळच्या येष्टीनं जाऊ."

येताना एसटीत ते माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले होते आणि मी हिशेब मांडत होते. मोठं ऑपरेशन केलं असतं तर ते आज कसे असते? पिशवी लावून गावात बसलेले, की तिसऱ्याच महिन्यात ठणठणीत? कुणाला माहीत. कारखान्यात मी दोन टॉवेल शेजारी ठेवून बघते, कुठला चांगला ते दिसतं. इथे एकच माणूस, आणि त्याने एकच वाट चाललेली. दुसऱ्या वाटेवरचे आबा मला कुठून आणून शेजारी बसवता येणार? उद्या काही वाईट निघालं तर मी चुकले असं होईल का? मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर ठरवलेलं बरोबर होतं का, एवढंच बघा. मला ते पटतं. पण भावकीला ते कोण पटवणार, आणि खरं सांगायचं तर त्या एसटीत मलाही ते पुरत नव्हतं. मला फक्त चांगलं निघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आत बोलावल्यावर आबा उठले आणि परत बसले. "तात्याला फोन लाव," म्हणाले.

मी लावून दिला. ते फोनवर नेहमीच पलीकडचा माणूस दुसऱ्या शिवारात असल्यासारखं बोलतात, त्यामुळे बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. "तात्या, आयक. ते बारीक आपरेशान मी ठरिवलं व्हतं. पोरीनं न्हाय. मीच तिला तसं बोलाय लावलं व्हतं. आज तपास हाय. काय निगालं तर मला बोल. तिला एक शबूद बोलायचा न्हाय." पलीकडचं ऐकायला ते थांबले नाहीत. फोन माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता, आणि नर्सच्या मागे आत गेले.

मी बाहेर बसले. शेजारची बाई मला विचारत होती, कोण आहेत तुमचे. मी फोन पदराने पुसत बसले.

मॅडमनी तपासलं, दुर्बिणीतून पाहिलं, एमआरआयही करून घेतला. सगळं संपेपर्यंत दुपार झाली. त्या स्वतः बाहेर आल्या. जागा स्वच्छ होती. आजूबाजूलाही काही दिसत नव्हतं. "आजचं आज," त्या म्हणाल्या, "पुढचं पुढच्या तपासणीत. आणि यावेळी वेळेवर." मी मान हलवली. मला उगाचच त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली, ती मी मारली नाही.

आबा धोतर सावरत बाहेर आले. मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी दोनदा मान डोलावली, जणू मेंढरं मोजून बरोबर भरलीत. मग हात पुढे केला. "परत लाव."

मी लावला.

"तात्या, साफ निगालं. व्हय, समदं. आन आयक, सकाळी मी खोटं बोललो. ते पोरीनंच ठरिवलं व्हतं."

तात्या पलीकडून मोठ्याने विचारत होते, "आरं पन ह्यातलं खरं कुटलं?" आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाकाखाली वाकून आपल्या चपला शोधायला लागले. मी फोन कानाला लावला आणि बाकाखाली सरकलेली त्यांची एक चप्पल पायाने त्यांच्याकडे ढकलली.